सायगॉनची सहल, गनिमी कावा आणि एक व्हॉट्सॲप मेसेज



हल्ली आपल्या मालिकेच्या प्रेक्षकांकडून व्हिएतनामबद्दल खूप विचारणा होते. कारण उघड आहे. भारतातल्या अनेक शहरांतून थेट विमानं आहेत, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो आणि खर्च युरोपच्या मानाने बराच कमी येतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठलंही मराठी मंडळ घ्या, कुणी ना कुणी नुकतंच जाऊन आलेलं असतं किंवा निघालेलं असतं. प्रश्न साधारण दोन असतात. पहिला, हो चि मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये, दोन-तीन दिवसांत काय पाहावं? दुसरा, "सर, शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वापरून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, त्याच्या खुणा तिथे कुठे आहेत?"

मी तिथे सव्वीस जणांच्या मराठी गटाबरोबर तीन दिवस होतो. पहिल्याच दिवशी बसमध्ये हा दुसरा प्रश्न निघाला, आणि त्यावर तीन दिवस चर्चा चालली. म्हणून आजच्या भागात दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो.

आधी तो मेसेज

तुमच्यापैकी बहुतेकांना तो आला असेल. व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना एका पत्रकाराने विजयाचं रहस्य विचारलं, त्यांनी शिवाजी महाराजांचं नाव घेतलं, आणि मृत्यूनंतर आपल्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा' असं लिहायला सांगितलं, अशी ती कथा. काही मेसेजमध्ये पुढे रायगडावरची माती नेल्याचीही गोष्ट जोडलेली असते.

सैन्यात आम्हाला एक सवय लावतात. खबर आली की आधी विचारायचं: कुणी पाहिलं, कधी पाहिलं, कुठे पाहिलं? या मेसेजमध्ये राष्ट्राध्यक्षांचं नाव नसतं. मुलाखतीचं वर्ष नसतं, वर्तमानपत्राचं नाव नसतं. मेसेज पाठवणाऱ्या एकानेही मला आजवर मूळ मुलाखत दाखवलेली नाही. हो चि मिन्ह यांच्याबद्दल बोलायचं तर ते २ सप्टेंबर १९६९ रोजी वारले. युद्ध संपलं १९७५ साली. म्हणजे विजयानंतर मुलाखत द्यायला ते हयातच नव्हते. त्यांचा देह हनोईच्या स्मारकात काचेच्या पेटीत जतन केलेला आहे, लोक रांगेने दर्शन घेतात. सेनापती व्हो ग्वेन ज्याप २०१३ साली वारले. त्यांच्या लेखनात प्रेरणा म्हणून येतात ती त्यांच्याच इतिहासातली नावं आणि मार्क्सवादी विचार.

हे सांगितलं की काही मंडळी नाराज होतात. नाराज व्हायचं कारण नाही. महाराजांचं युद्धशास्त्र सिद्ध करायला परदेशी प्रशस्तिपत्र लागत नाही. त्याला प्रतापगड आहे, लाल महाल आहे. उलट हा मेसेज डोक्यात घेऊन गेलात, तर सायगॉनमध्ये जे खरोखर पाहण्यासारखं आहे तेच नजरेतून सुटतं. ते काय, हे आता क्रमाने पाहू.

पहिला थांबा: नदीकाठचा सेनापती

शहराच्या मध्यभागी सायगॉन नदीच्या काठावर मे लिन्ह नावाचा अर्धगोल चौक आहे. मध्ये उंच चौथऱ्यावर एका सेनापतीचा पुतळा आहे. एक हात तलवारीवर, दुसऱ्या हाताचं बोट नदीकडे. बहुतेक सहल कंपन्यांच्या बस इथून नुसत्या जातात. गाईडला सांगून इथे पंधरा मिनिटं थांबा, आणि शक्य असेल तर सहलीची सुरुवातच इथून करा.

हा त्रान हुंग डाओ. तेराव्या शतकात मंगोलांनी व्हिएतनामवर तीनदा स्वारी केली: १२५८, १२८५ आणि १२८७-८८ मध्ये. अर्ध्या जगाला लोळवलेली ही फौज. नंतरच्या दोन स्वाऱ्यांत सैन्याचं नेतृत्व त्रान हुंग डाओकडे होतं. त्याने समोरासमोर मोठी लढाई घेणं टाळलं. राजधानी रिकामी केली, धान्य शत्रूच्या हाती लागू दिलं नाही, रसद तोडली. उष्ण हवा, रोगराई आणि उपासमार यांनी शत्रू खचला. १२८८ साली मंगोल आरमार परतीला लागलं, तेव्हा उत्तरेतल्या बाख डांग नदीच्या मुखाशी त्याने नदीच्या तळात टोकदार लाकडी खांब रोवून ठेवले होते. भरतीच्या पाण्यात खांब दिसत नव्हते. ओहोटी लागली तशी जहाजं त्यांवर अडकली आणि मग हल्ला झाला. मजा म्हणजे ही युक्तीसुद्धा त्याने जुन्या इतिहासातून उचलली होती. त्याच नदीत ९३८ साली न्गो क्वेन या सेनापतीने चिनी आरमाराला असंच अडकवलं होतं.

पुतळ्यासमोरचा धक्का आहे त्याचं नाव बाख डांग. चौकाचं नाव मे लिन्ह, म्हणजे इसवी सन ४० मध्ये चिनी हान सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या त्रुंग भगिनींची राजधानी. एका चौकात त्यांचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा लढ्याचा वारसा उभा आहे.

आणखी एक गोष्ट. हा पुतळा १९६७ साली उभारला गेला, तो दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाकडून, म्हणजे युद्धात हरलेल्या बाजूकडून. १९७५ नंतर विजेत्यांनी शहराचं नाव बदललं, कितीतरी रस्त्यांची नावं बदलली. या पुतळ्याला त्यांनी हात लावला नाही, कारण तो दोन्ही बाजूंचा पूर्वज होता. त्रान हुंग डाओला तिथे लोक देव मानतात, त्याची देवळं आहेत. महाराजांच्या जन्माच्या साडेतीनशे वर्षं आधीचा हा माणूस आहे. बडोद्याचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्या गटात होते. ते तिथे म्हणाले, "म्हणजे यांचा सह्याद्री नदीत होता." मला हे फार नेमकं वाटलं. दुबळ्या बाजूने आपली भूमी, आपली माणसं आणि वेळ ही शस्त्रं म्हणून वापरायची, हे शहाणपण सह्याद्रीत उगवलं तसं तिथल्या चिखलातही स्वतंत्रपणे उगवलं.

दुसरा थांबा: कू ची

कू चीचे भुयारी मार्ग प्रत्येक सहलीत असतातच. शहराच्या वायव्येला, बसने दीड-दोन तासांवर. पर्यटकांसाठी दोन जागा आहेत, बेन दिन्ह आणि बेन द्युओक. बेन दिन्ह जवळ आहे म्हणून बहुतेक बस तिथेच जातात, त्यामुळे गर्दीही तिथेच.

या भुयारांची सुरुवात १९४० च्या दशकाच्या शेवटी फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात झाली. अमेरिका उतरल्यावर त्यांचं जाळं वाढत वाढत दोनशे किलोमीटरच्या पुढे गेलं. माती लाल, आपल्या कोकणातल्या जांभ्याची आठवण करून देणारी. ओली असताना खणता येते, वाळली की घट्ट होते. खणलं सगळं हाताने, छोट्या कुदळी आणि टोपल्यांनी. तीन थरांत खोल्या, दवाखाने, कोठारं, बैठकीच्या जागा. हवेसाठीच्या छिद्रांवर वारुळासारखे उंचवटे. स्वयंपाकघराचा धूर लांबच्या चरांतून फिरवून थंड करायचा आणि दूर कुठेतरी जमिनीलगत विरळ करून सोडायचा. ही चूल मात्र जरूर नीट पाहा. आपल्या महिला मंडळाने सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच विचारले, आणि ते योग्यच होतं. धूर दिसला की तोफेचा गोळा यायचा, त्यामुळे लढाईत चुलीची रचना बंदुकीइतकीच महत्त्वाची होती.

खायला उकडलेला टॅपिओका देतात, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाणा-तिळाच्या कुटाबरोबर. उपासाचा पदार्थ म्हणून सगळ्यांनी आवडीने खाल्ला. तिथल्या लोकांनी मात्र तो वर्षानुवर्षं खाल्ला, कारण भात मिळत नव्हता.

गाईड इथे सापळे दाखवतो, गवताखालचं झाकण उचलून दाखवतो, सगळे हसतात, फोटो काढतात. यातून एक गैरसमज घेऊन माणसं बाहेर पडतात की युक्ती असली की पुरे, महासत्ता हरते. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. भुयारात साप, विंचू आणि मलेरिया होता, कित्येक दिवस उजेड नसायचा. आणि भुयार लपवायला वर गाव लागतं. त्या गावाने किंमत मोजली. जानेवारी १९६७ मध्ये 'सीडर फॉल्स' नावाच्या मोहिमेत अमेरिकी सैन्याने नदीपलीकडचं बेन सुक हे गाव रिकामं केलं, सुमारे सहा हजार माणसांना हलवलं आणि गाव बुलडोझरने भुईसपाट केलं. गनिमी काव्याला 'लोकांचा पाठिंबा' लागतो असं आपण सहज म्हणतो. त्याचा अर्थ असा असतो.

तिथे एक गोळीबाराचं मैदानही आहे. पैसे देऊन एके-४७ किंवा एम-१६ चालवता येते. ज्याची त्याची हौस. मी आमच्या मंडळींना एवढंच सांगितलं की तो आवाज कानावर घेत भुयारं पाहा, म्हणजे वरची परिस्थिती थोडीशी कळेल.

तिसरा थांबा: राजवाड्यातले रणगाडे

आता हा थांबा माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा. कू ची पाहिल्यावर स्वातंत्र्य राजवाडा पाहिलाच पाहिजे, नाहीतर अर्धाच धडा मिळतो.

दक्षिण व्हिएतनामच्या अध्यक्षांचं हे निवासस्थान आणि कार्यालय. जुनी फ्रेंच इमारत १९६२ साली त्यांच्याच हवाई दलातल्या दोन बंडखोर वैमानिकांनी बॉम्ब टाकून मोडली, मग न्गो व्हिएत थू या वास्तुविशारदाने आजची इमारत उभी केली. ती १९६६ साली पूर्ण झाली. वरती दरबारी दालनं, गच्चीवर हेलिकॉप्टर, तळघरात युद्धकक्ष, भिंतीवर नकाशे, जुने बिनतारी संच.

बाहेर हिरवळीवर दोन रणगाडे आहेत, क्रमांक ३९० आणि ८४३. ३० एप्रिल १९७५ रोजी सकाळी ८४३ क्रमांकाचा रणगाडा बाजूच्या फाटकात अडकला, ३९० ने मुख्य फाटक तोडलं, आणि थोड्याच वेळात छतावर झेंडा चढला. हिरवळीवरचे रणगाडे त्याच जातीचे आहेत, मूळचे दोन्ही हनोईत ठेवलेले आहेत.

आता सैनिकाच्या नजरेने या रणगाड्यांकडे पाहा. ८४३ हा सोव्हिएत बनावटीचा टी-५४. ३९० हा चिनी बनावटीचा टाइप-५९. म्हणजे शेवटचा घाव भुयारातून आलेल्या माणसाने घातला नाही. तो नियमित सैन्याने घातला, तोफा, रणगाडे, ट्रक आणि इंधनाच्या पुरवठ्यासह, दोन मोठ्या राष्ट्रांनी दिलेल्या सामग्रीवर. १० मार्चला मध्य पठारावरच्या बुओन मा थुओतवर हल्ला झाला, मार्चअखेर डा नांग पडलं आणि ३० एप्रिलला सायगॉन. सगळं दोन महिन्यांच्या आत.

आणखी एक तारीख जोडा. पॅरिस करार जानेवारी १९७३ मधला. त्यानंतर मार्च १९७३ अखेर अमेरिकेचं लढाऊ सैन्य निघून गेलं. म्हणजे हे फाटक तोडलं तेव्हा समोर अमेरिकी फौज नव्हती, दक्षिण व्हिएतनामची होती. आणि दक्षिणेतल्या गनिमी तुकड्यांचं काय? १९६८ च्या तेत सणात त्यांनी सायगॉनसह शेकडो ठिकाणी एकदम हल्ले केले. राजकीय परिणाम प्रचंड झाला, अमेरिकेतलं जनमत फिरलं. पण त्या तुकड्यांची स्वतःची हानी इतकी झाली की पुढचं युद्ध मुख्यतः उत्तरेच्या नियमित सैन्यानेच लढवलं.

म्हणून मी गटाला एवढंच सांगितलं: कू चीने वेळ मिळवून दिला, राजवाडा रणगाड्यांनी घेतला. महाराजांच्या इतिहासातही हेच दिसतं. गनिमी काव्याच्या मागे किल्ले होते, दारूगोळा होता, आरमार होतं, महसुलाची घडी होती. 'कावा' तेवढा उचलायचा आणि तयारी विसरायची, ही समजूत देशाला महागात पडू शकते. वर्षानुवर्षं संरक्षणावर बोलताना मला हाच धोका सगळ्यात मोठा वाटत आला आहे.

चौथा थांबा: युद्धाचं संग्रहालय

हे संग्रहालय राजवाड्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये उघडलं तेव्हा त्याच्या नावात अमेरिकेचे गुन्हे असा थेट उल्लेख होता. नाव मवाळ होत गेलं आणि १९९५ साली, अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले त्याच वर्षी, आजचं 'युद्ध अवशेष संग्रहालय' हे नाव आलं.

सांगून ठेवतो, आत जाणं सोपं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा. १९६० च्या दशकात आणि १९७१ पर्यंत जंगलं आणि पिकं मारण्यासाठी सात कोटी लिटरहून जास्त रसायनं विमानांतून फवारली गेली. त्यातल्या 'एजंट ऑरेंज'मध्ये डायॉक्सिन हे विष होतं. त्याचे परिणाम दाखवणारं एक दालन आहे. आमच्या गटातल्या दोन ताई तिथून लगेच बाहेर आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. कुणी त्यांना पुन्हा आत चला म्हटलं नाही.

दुसरं दालन युद्धात मेलेल्या छायाचित्रकारांचं. त्यात दोन्ही बाजूंचे छायाचित्रकार आहेत. वेळ कमी असेल तर निदान एवढं पाहा.

इथे काय नाही, तेही ध्यानात घ्या. हे विजेत्यांचं संग्रहालय आहे. दक्षिणेच्या बाजूने लढलेले दोन लाखांहून अधिक सैनिक मेले, युद्धानंतर कित्येकांना 'पुनर्शिक्षण' छावण्यांत डांबलं गेलं, आणि पुढच्या वीस वर्षांत जवळजवळ आठ लाख लोक होड्यांतून पळून दुसऱ्या देशांत पोहोचले. किती बुडाले ते मोजलंच गेलं नाही. व्हिएतनाम सरकारने १९९५ साली जाहीर केलेला आकडा असा: आपल्या बाजूचे ११ लाख लढवय्ये आणि २० लाख नागरिक मृत. अमेरिकेच्या स्मारकभिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावं आहेत. विजयाचा मेसेज पुढे पाठवताना हे आकडे त्यात नसतात.

यात भारत कुठे?

खरा संबंध हवा असेल तर तो आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात देखरेखीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमले गेले. अध्यक्षपद भारताकडे, सदस्य कॅनडा आणि पोलंड. आपल्या सैन्याचे अधिकारी आणि जवान हनोईत, सायगॉनमध्ये, दूरच्या चौक्यांवर राहिले. व्हिएतनाममधलं हे काम १९७३ पर्यंत चाललं. ऑक्टोबर १९६५ मध्ये आयोगाचं एक विमान लाओसहून हनोईला जाताना बेपत्ता झालं, त्यात भारतीयही होते. हा इतिहास कुठल्याही सहलीत सांगत नाहीत. तुमच्या ओळखीच्या जुन्या फौजी घरात कुणी 'आयोगावर' जाऊन आल्याची आठवण असेल, तर ती लिहून ठेवा.

दुसरा संबंध बेन थान बाजाराजवळच्या मरिअम्मनच्या देवळात दिसेल. फ्रेंच काळात तिथे गेलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी ते उभारलं. आज तिथे उदबत्ती लावणारे बहुतेक भक्त स्थानिक व्हिएतनामी आणि चिनी वंशाचे आहेत.

गटाने जाणाऱ्यांसाठी

रस्ता ओलांडणं हे तिथलं पहिलं संकट. दुचाकींचा लोंढा थांबत नाही. थांबायची वाट पाहू नका. चार-पाच जणांनी एकमेकांच्या शेजारी उभं राहून, हात थोडा वर करून, एकाच संथ गतीने चालत राहायचं. धावायचं नाही, मध्येच थबकायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही. दुचाकीवाले तुमची गती पाहून वळसा घालतात. सव्वीस जणांची लांब रांग करू नका, ती मध्येच तुटते. बस आणि मोटारींना मात्र आधी जाऊ द्या.

भुयारात वाकून किंवा रांगत जावं लागतं. पर्यटकांसाठी ती रुंद केली आहेत, मध्ये बाहेर पडायच्या वाटाही आहेत. तरी गुडघे, हृदयविकार, दमा किंवा बंद जागेची भीती असेल तर वरूनच पाहा.

शाकाहारी मंडळींनी 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करावेत. त्याचा अर्थ शाकाहार. बौद्ध परंपरेमुळे तशी उपाहारगृहं चांगली मिळतात. इतरत्र भाज्यांतही माशांचं सॉस असतं, तेव्हा विचारून घ्या. नोटांवर शून्यं फार, रुपयाला साधारण तीनशे डोंग धरा.

टपाल कार्यालयाची सुंदर फ्रेंच इमारत पाहालच. ती आयफेल टॉवरवाल्या आयफेलने बांधली असं ऐकायला मिळेल. तेही खरं नाही, तिचा वास्तुविशारद फूलू नावाचा दुसरा फ्रेंच माणूस होता. म्हणजे ऐकीव गोष्टी पुढे ढकलण्यात आपण एकटे नाही! त्या इमारतीला लागूनच पुस्तकांची गल्ली आहे. तिथे संध्याकाळी तरुण मुलंमुली पुस्तकं चाळताना दिसतात. त्यांच्यातल्या बहुतेकांचा जन्म युद्धानंतरचा आहे.

शेवटी एक विनंती. तो मेसेज तुम्हाला पुन्हा येईल तेव्हा पाठवणाऱ्याला रागावू नका. त्याला महाराजांचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. त्याला फक्त त्रान हुंग डाओची गोष्ट सांगा, आणि जमलं तर मे लिन्ह चौकातला तुमचा फोटो पाठवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.